नाव, टाका आणि तंबू : पॅलेस्टिनी शोकाची सामूहिक कला

(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय जड आहे, हे आधीच सांगून ठेवतो. बोलायचं आहे कलेबद्दल, पण गेलेल्या माणसांना बाजूला ठेवून या कलेबद्दल बोलता येत नाही. म्हणून सुरुवात एका यादीपासून करू.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या नेतृत्वाखाली इस्रायलवर हल्ला झाला. सुमारे १२०० माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास माणसं ओलीस म्हणून नेली गेली. त्यानंतर गाझावर बॉम्बवर्षाव सुरू झाला. गाझाचं आरोग्य मंत्रालय रोज मृतांचे आकडे देत होतं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या आकड्यांवर आपला विश्वास नाही, असं जाहीरपणे सांगितलं. लगेच, २६ ऑक्टोबरला, मंत्रालयाने यादीच प्रसिद्ध केली. ६७४७ नावं. प्रत्येकापुढे वय, स्त्री की पुरुष, आणि ओळखपत्राचा क्रमांक. आणखी २८१ मृतदेहांची ओळख पटलेली नव्हती, ते या यादीत नव्हते.

आता नीट बघा, यादी ही काही कलाकृती नाही. तो सरकारी कागद आहे. पण पुढच्या काही महिन्यांत जगभरात लोकांनी त्या कागदाचं काय केलं? विद्यापीठांच्या पायऱ्यांवर, चौकांत उभं राहून नावं मोठ्याने वाचली. लांबच लांब कापडावर हाताने लिहून काढली. कुणी ती शिवली. यादी छापलेली आहे, कुणालाही बघता येते. मग तीच नावं पुन्हा हाताने लिहायची, शिवायची, वाचायची गरज का पडली? आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

शोकाची रीत मोडते तेव्हा

आधी साधी गोष्ट समजून घेऊ. पॅलेस्टिनी समाजात माणूस गेला की दफन लवकरात लवकर करतात. मग साधारण तीन दिवस घर, दिवाणखाना किंवा मांडव लोकांसाठी उघडा असतो. त्याला ‘बैत अल-अझा’ म्हणतात, म्हणजे सांत्वनाचं घर. येणाऱ्याला बिनसाखरेची कडू कॉफी देतात, बरोबर खजूर. लोक येतात, बसतात, फार बोलत नाहीत, उठून जातात. आपल्याकडे शोकाच्या घरी ‘कडू घास’ द्यायची पद्धत आहे, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दुःख एकट्याने गिळायचं नसतं, एवढंच ती पद्धत सांगते.

आता विचार करा, घरच उरलं नाही तर बैत अल-अझा कुठे भरवायचं? शेजारीही गेलेले असतील तर कॉफी कोण करणार? गाझामध्ये २०२३ च्या ऑक्टोबरातच सामूहिक कबरी खणाव्या लागल्या. कफनावर पेनाने नावं लिहिली जात होती. काही आईवडिलांनी तर जिवंत मुलांच्या हातापायांवर नावं लिहून ठेवली, म्हणजे नंतर निदान ओळख पटेल.

हे ऐकताना अंगावर काटा येतो, पण त्यातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवा. सगळं हातातून निसटत असताना माणसं नाव वाचवायला धडपडत होती. शोकाची रीत मोडली की तिचं काम दुसऱ्या कशाने तरी करावं लागतं. सामूहिक कला ते काम करते. आणि ती २०२३ मध्ये जन्मली असं समजू नका. तिला मोठा इतिहास आहे.

टाक्यांची भाषा

पॅलेस्टिनी भरतकामाला ‘तत्रीझ’ म्हणतात. मुख्य टाका फुलीचा. कापडाचे धागे मोजून छोट्या छोट्या फुल्या भरायच्या आणि त्यातून सरू, तारा, चंद्र, पक्षी असे आकार उभे करायचे. १९४८ पूर्वी जाणकार बाईला पोशाखावरचं काम बघून तो कुठल्या भागातला, पुष्कळदा कुठल्या गावातला, हे सांगता यायचं. युनेस्कोने २०२१ मध्ये या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

या भरतकामात शोकाला स्वतःचा रंग होता. दक्षिणेकडच्या बेदुइन स्त्रियांमध्ये विवाहितेच्या पोशाखावर लाल भरतकाम आणि विधवेच्या पोशाखावर निळं, अशी रीत अभ्यासकांनी नोंदवली आहे. विधवेला पुन्हा लग्न करायचं असेल तर त्या निळ्यात थोडा लाल रंग येऊ लागायचा. म्हणजे शोक सुरू कधी झाला आणि आता तो कुठवर आला आहे, हे बाई तोंडाने न बोलता सांगू शकत होती. गावाला ते कळत होतं.

पुढे १९८७ मध्ये पहिला इंतिफादा सुरू झाला. त्या काळात व्याप्त प्रदेशात पॅलेस्टिनी झेंडा जाहीरपणे लावायला बंदी होती. बायकांनी झेंड्याचे रंग, नकाशे, कबुतरं पोशाखावर भरायला सुरुवात केली. हे ‘इंतिफादा पोशाख’ म्हणून आज संग्रहालयांत ठेवलेले आहेत. झेंडा काढून घेता येतो, पण बाईच्या अंगावरचा पोशाख कोण आणि कसा काढून घेणार? घरच्या शोकाची भाषा अशी एका समाजाची भाषा झाली. ही जमीन लक्षात ठेवली की पुढचा तंबू समजतो.

न संपलेला तंबू

१९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी लोक विस्थापित झाले. ते या घटनेला ‘नकबा’ म्हणतात, म्हणजे महासंकट. इतिहासकार वालिद खालिदी यांनी १९९२ मध्ये एक मोठा ग्रंथ संपादित केला. उजाड झालेल्या किंवा उद्ध्वस्त केलेल्या ४१८ गावांची त्यात एकेक करून नोंद आहे. हीसुद्धा एक यादीच.

एमिली जासिर या पॅलेस्टिनी कलाकार २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये काम करत होत्या. त्यांनी निर्वासितांचा असतो तसा एक तंबू घेतला. त्याच्या कापडावर त्या ४१८ गावांची नावं पेन्सिलीने आखली आणि ती काळ्या दोऱ्याने शिवायला घेतली. एकटीने ते होण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी स्टुडिओचं दार उघडं ठेवलं : ज्याला यायचं त्याने यावं, बसावं, शिवावं.

सुमारे १४० माणसं आली. वकील, बँकेत काम करणारे, शिक्षक, नाटककार, चित्रपट करणारे. बऱ्याच जणांचा सुईशी फारसा संबंध नव्हता. त्यांत पॅलेस्टिनी होते, काहींची मुळं तर त्याच गावांतली. आणि त्या गावांच्या अवशेषांवर वाढलेले इस्रायलीही होते. आपल्याकडे बायका गोधडी घालायला बसतात तेव्हा हात चालू असतात आणि गप्पाही चालू असतात, तसंच तिथे झालं. एकाच गावाचं नाव दोन बाजूंनी ओळखणारी माणसं एकाच कापडावर वाकून बसली होती. समोरासमोर वाद घालायला बसली असती तर कदाचित दहा मिनिटांत उठून गेली असती. शिवताना नजर कापडावर असते, त्यामुळे बोलणं जरा सोपं जातं.

आता यातली आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तंबू पूर्ण झाला नाही. काही गावांची नावं आजही नुसती पेन्सिलीत आहेत, दोरा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. तंबू आज अथेन्सच्या राष्ट्रीय समकालीन कला संग्रहालयात आहे आणि तो तसाच अपुरा आहे.

आपल्याला सवय अशी की स्मारक म्हटलं की ते पूर्ण हवं. कोनशिला, उद्घाटन, फीत, विषय संपला. इथे उलट आहे. जे पेन्सिलीत राहिलं त्याकडे बघताना कळतं की १४० माणसांचे हातसुद्धा पुरले नाहीत. ४१८ हा आकडा वाचायला एक सेकंद लागतो. तो किती मोठा आहे हे शिवायला बसल्यावर समजतं.

शंभर माणसं, शंभर वस्तू

त्याच वर्षी, म्हणजे २००१ मध्येच, रामल्लाच्या खलील सकाकिनी सांस्कृतिक केंद्रात एक प्रदर्शन भरलं. नाव होतं ‘शंभर शहीद, शंभर आयुष्यं’. दुसरा इंतिफादा सप्टेंबर २००० मध्ये सुरू झाला होता. त्यात मारल्या गेलेल्या पहिल्या शंभर पॅलेस्टिनींचं ते स्मरण. संकल्पना आदिला लाइदी-हनीए यांची.

त्या वेळी रामल्लाच्या भिंतींवर मृतांची पोस्टर्स होती. पोस्टर सगळ्यांची सारखीच : फोटो, मागे झेंडा किंवा घुमट, खाली घोषणा. त्यात माणूस वीर होतो, पण त्याचं स्वतःचं असं काही उरत नाही. प्रदर्शनाने वेगळी वाट धरली. प्रत्येक कुटुंबाकडून त्या माणसाचा एक फोटो आणि त्याच्या रोजच्या वापरातली एक वस्तू मागून घेतली. कपडे, बूट, असल्याच वस्तू. माणूस मेला कसा, याची चित्रं तिथे नव्हती.

इथे सामूहिकपणा वेगळ्या जागी आहे, हे लक्षात घ्या. तंबू अनेकांनी मिळून शिवला. इथे निवड शंभर घरांनी केली. मुलाच्या सामानातून नेमकी कुठली वस्तू द्यायची, हे ठरवताना त्या घरात काय झालं असेल! ते ठरवणं हाच शोकाचा एक भाग झाला. प्रदर्शन पुढे अरब देशांतल्या आणि जपानमधल्या शहरांतही गेलं. जपानमध्ये अरबी घोषणा कुणी वाचली नसती. बूट मात्र सगळ्यांना कळतात.

गावाची आठवण, चौकातली आठवण

दोन उदाहरणं थोडक्यात सांगतो, कारण ती इस्रायलच्या हद्दीत राहणाऱ्या पॅलेस्टिनींची आहेत आणि त्यांची चर्चा कमी होते.

पहिलं कफ्र कासिमचं. २९ ऑक्टोबर १९५६ ला या गावावर अचानक आधीच्या वेळेपासून संचारबंदी लावली गेली. शेतावर, कामावर गेलेल्यांना ते माहीतच नव्हतं. संध्याकाळी परतणाऱ्यांवर इस्रायली सीमा पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मृतांचा आकडा गावकरी ४९ सांगतात. गावात दरवर्षी त्या दिवशी मिरवणूक निघते. सामिया हलाबी या ज्येष्ठ चित्रकार एरवी अमूर्त चित्रं काढतात. पण कफ्र कासिमवर काम करताना त्यांनी वाचलेल्यांशी, नातेवाईकांशी बोलून, माणसं ओळखू येतील अशी रेखाटनं केली. २०१६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. आम्हाला यात एक जबाबदारी दिसते. स्वतःच्या शैलीपेक्षा गावाच्या आठवणीला त्यांनी वरची जागा दिली.

दुसरं सखनीनचं. ३० मार्च १९७६ ला गॅलिलीत जमिनी ताब्यात घेण्याच्या निर्णयाविरुद्ध संप आणि निदर्शनं झाली, त्यात सहा जण मारले गेले. हा दिवस ‘भूमी दिन’ म्हणून पाळतात. सखनीनच्या कब्रस्तानात १९७८ मध्ये त्याचं स्मारक उभं राहिलं. ते दोघांनी मिळून केलं : अबेद अब्दी हे पॅलेस्टिनी आणि गेर्शोन क्निस्पेल हे ज्यू कलाकार. दर ३० मार्चला लोक तिथे येतात. दगड एकदाच घडवला, पण स्मारक दरवर्षी नव्याने घडतं ते येणाऱ्या माणसांमुळे.

आवाज, पतंग, बूट

आता गाझाकडे परत येऊ. २००८-०९ च्या युद्धानंतर अश्तार या पॅलेस्टिनी नाट्यसंस्थेने गाझातल्या तीसेक मुलामुलींबरोबर काम केलं. त्यांनी आपले अनुभव स्वगतांच्या रूपात लिहिले. ‘गाझा मोनोलॉग्ज’ म्हणून ती ओळखली जातात. ती मुलं गाझाबाहेर जाऊ शकत नव्हती. म्हणून ऑक्टोबर २०१० मध्ये तीसहून अधिक देशांतल्या मुलांनी ती आपापल्या भाषेत सादर केली. एका मुलाचा आवाज दुसऱ्या देशातल्या मुलाने उसना घेतला. २९ नोव्हेंबर २०२३ ला जगभर ती पुन्हा वाचली गेली, आणि पहिल्या वेळची लिहिणारी मुलं तोवर तिशीच्या आसपास आलेली होती.

डिसेंबर २०२३ मध्ये रिफअत अल-अरीर मारले गेले. ते गाझाच्या इस्लामिक विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवत आणि कविता लिहीत. त्यांच्या एका कवितेत पतंग आहे. ते गेल्यावर ती कविता अनेक भाषांत गेली आणि ठिकठिकाणी लोक निदर्शनांत, शोकसभांत पांढरे पतंग घेऊन आले. गाझाला पतंग नवीन नाही. २०११ च्या उन्हाळ्यात तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर मुलांनी एकाच वेळी बारा हजारांहून अधिक पतंग उडवून जागतिक विक्रम केला होता. त्या किनाऱ्याचा पतंग आता शोकाची खूण झाला.

युरोपातल्या शहरांत, उदाहरणार्थ नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये, लोकांनी घरून लहान मुलांचे बूट आणून चौकात मांडले. हजारो जोड, रांगेने. कुणी टेडी आणून ठेवले, कुणी पांढऱ्या कापडाच्या छोट्या गाठोड्यांच्या रांगा लावल्या.

इकडे यादी वाढत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रालयाने दिलेली यादी ६४९ पानांची होती. ३४,३४४ नावं. ती वयाप्रमाणे लावलेली होती, आणि पहिली १४ पानं एक वर्षही पूर्ण न झालेल्या बाळांची होती. जरा हिशेब करू. एका नावाला तीन सेकंद धरले, तर न थांबता वाचायला अठ्ठावीस तासांहून जास्त लागतात. ऑक्टोबर २०२५ पर्यंत मंत्रालयाचा मृतांचा आकडा ६७ हजारांच्या वर गेला.

आता सुरुवातीचा प्रश्न परत घ्या. यादी असताना नावं पुन्हा का वाचायची? कारण यादी ‘किती’ आणि ‘कोण’ याचं उत्तर देते. शोकाला आणखी एक गोष्ट लागते : वेळ. प्रत्येक मृताला कुणाचा तरी थोडा वेळ मिळायला हवा. शांतताकाळात तो वेळ बैत अल-अझामध्ये मिळतो. युद्धात तो मिळत नाही. मग दूरच्या शहरात कुणी अनोळखी बाई एक नाव शिवते, तेव्हा त्या नावाला निदान अर्धा तास मिळतो. आमच्या मते या कलेचं खरं साहित्य दोरा, कापड, बूट यांपैकी काही नाही. माणसांचा वेळ हे तिचं साहित्य आहे.

धोके

कौतुक पुष्कळ झालं, आता अडचणीही सांगायला हव्यात.

एक, बुटांच्या रांगा आणि पांढरी गाठोडी फोटोत फार परिणामकारक दिसतात. पण त्यात पुन्हा आकडाच दिसण्याचा धोका आहे. ‘शंभर शहीद’ प्रदर्शनात बूट एका विशिष्ट मुलाचे होते. चौकातले बूट देणगीतले असतात. दोन्हींचं काम वेगळं आहे, त्यांची गल्लत करू नये.

दोन, स्मरण करणारा सुरक्षित असतो. संध्याकाळी तो घरी जातो. आपण शिवलं म्हणजे आपलं कर्तव्य झालं, असं समाधान फार लवकर मिळतं.

तीन, आणि हे सगळ्यात कठीण. शोकाची कला करणारेच मारले गेले आहेत. चित्रकार हिबा झकूत ऑक्टोबर २०२३ मध्ये मारल्या गेल्या. गाझातल्या एल्तिका या कलाकार गटाने २०२२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात भाग घेतला होता. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या युद्धात त्यांची गॅलरी उद्ध्वस्त झाली. आठवण ठेवणाऱ्यांचीच आठवण ठेवायची वेळ आली की बाहेरच्यांवरची जबाबदारी वाढते.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : हे सगळं एकतर्फी नाही का? ७ ऑक्टोबरला मारल्या गेलेल्या इस्रायलींचं काय?

प्रश्न रास्त आहे. त्यांचाही शोक आहे आणि त्याचीही सामूहिक कला झाली. ऑक्टोबर २०२३ मध्येच तेल अवीवच्या कला संग्रहालयासमोर एक लांब टेबल मांडलं होतं. शब्बाथच्या जेवणाचं, ताटं मांडलेलं, आणि ओलिसांसाठी दोनशेहून अधिक रिकाम्या खुर्च्या. ज्याने ते पाहिलं त्याला घरातली रिकामी जागा म्हणजे काय ते कळलं. आजचा विषय पॅलेस्टिनी शोकाचा होता म्हणून आम्ही तिथे राहिलो. पण एकाचा शोक मान्य केला की दुसऱ्याचा कमी होतो, असं नाही. ‘कॉम्बॅटंट्स फॉर पीस’ आणि दोन्हीकडच्या शोकग्रस्त कुटुंबांचा ‘पेरेंट्स सर्कल’ हा मंच २००६ पासून दरवर्षी इस्रायली-पॅलेस्टिनी एकत्र स्मरणसभा घेतात. त्यांना दोन्हीकडून शिव्या खाव्या लागतात. तरी घेतात. फक्त एक म्हणू, शोक समान असला तरी परिस्थिती समान होत नाही. कुणाला दफनासाठी जागा आहे आणि कुणाला नाही, हा फरक शोकाच्या नावाखाली पुसू नये.

प्रश्न : अशा कलेने एक तरी बॉम्ब थांबतो का? मग उपयोग काय?

नाही थांबत. खोटं बोलण्यात अर्थ नाही. जासिर यांच्या तंबूने एकही गाव परत मिळालं नाही. पण उलट बाजूने बघा. माणसं मारणं सोपं कधी होतं? ती आधी आकडा झाली की. मेल्यानंतर त्यांची नावं विसरली गेली, की पुढच्या वेळचं मारणं आणखी सोपं होतं. ही कला त्या विसरण्याच्या आड येते. तिचं काम हळू चालतं, ती अपुरी आहे, आणि हे तिलाही माहीत आहे. म्हणून तर तंबूवर पेन्सिलीची नावं तशीच राहू दिली आहेत.

आपल्यापैकी कुणाला काही करावंसं वाटलं तर एवढंच सुचवतो. ती यादी इंटरनेटवर आहे. त्यातली दहा नावं घ्या, वयासकट, आणि घरी मोठ्याने वाचा. एका मिनिटाच्या आत होतं. मग उरलेल्यांना किती लागेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.